नीळकंठच्या नावाची फुंक

नीळकंठ खानझोडेने आयुष्यात एकदाही चुकीचं यंत्र वापरात राहू दिलं नाही, आणि एकदाही स्वतःचा उपवास स्वतः केला नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे पुढचं सगळं घडलं, म्हणून त्या आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघं भोपाळला बरखेड्याच्या कारखान्यात बरोबर लागलो. मी स्टोअरमध्ये कारकून, तो प्रेशर गेज तपासणाऱ्या विभागात. कारखान्यात जिथे जिथे दाब मोजायचा तिथे एक घड्याळासारखा गेज असतो, आणि तो खरं बोलतो की खोटं हे ठरवणं नीळकंठचं काम. त्याच्याकडे एका लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेला मास्टर गेज होता. बाकीचे सगळे गेज त्याच्याशी ताडायचे. एखादा गेज दोनाने कमी दाखवत असेल तर नीळकंठ त्याच्यावर पिवळी चिठ्ठी डकवायचा, ‘+२’, खाली सही आणि तारीख. त्या चिठ्ठीशिवाय असा गेज त्याच्या टेबलावरून हलत नसे. मास्टरला मात्र कुणी बोट लावायचं नाही. एकदा मी पेटीवर चहाचा कप ठेवला होता, तर तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता उपवासाचं. लग्नानंतर त्याच्या आईने त्याला शनिवार धरायला लावले. तीन शनिवारांतच त्याला पित्त झालं. तेव्हापासून त्याचे शनिवार कांचनवहिनी करतात, त्याच्या नावाने. संकल्प सोडायला तो, उपाशी राहायला त्या. बेचाळीस वर्षं पुण्य त्याच्या नावावर जमा होतंय आणि साबुदाण्याचे चटके त्यांना बसतायत, याचं दोघांनाही काही वाटत नाही. मीही त्याची थट्टा करण्यापलीकडे कधी काही केलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही बाग सेवनियात एकाच इमारतीत घरं घेतली. मी पहिल्या मजल्यावर, खानझोडे तिसऱ्यावर. बिल्डरने लिफ्टची जागा सोडली होती. जागा अजून आहे, तिच्यात सायकली असतात. वहिनी रोज सकाळी साडेदहाला भाजी घेऊन यायच्या, आणि माझी बायको शोभा नेमकी त्याच वेळी दूध घेऊन. दोघी आमच्या दारासमोर जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. पाच मिनिटं, कधी दहा. इतकं हळू बोलायच्या की आतून एक शब्द ऐकू येत नसे. अर्थातच आमच्याबद्दल, असं मी धरून चाललो होतो. मी आतूनच ओरडायचो, “संपलं का बोलून?” मग शोभा हसत आणि खोकत आत यायची. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. कागदावर न्यूमोनिया आणि जुना दमा असं लिहिलं होतं. त्यानंतरही वहिनी रोज दारात थांबत राहिल्या. पिशवी खाली ठेवायच्या, माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि थोड्या वेळाने विचारायच्या की भावजी, चहा झाला का. शोभाच्या आठवणीने थांबतात, असं मी समजत होतो. मला ते बरं वाटायचं. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललंच तर तेवढंच.

नीळकंठला सीओपीडी निघाला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं तो रोज एक पाकीट सिगारेट ओढत आलेला. फुप्फुसातल्या वाटा अरुंद होतात, आत गेलेली हवा बाहेर यायला कुरकुर करते, आणि गेलेलं फुप्फुस परत मिळत नाही, एवढं त्याने मला चित्र काढून समजावलं. बोलण्याची ढब अशी की जणू बिघाड दुसऱ्याच कुणाच्या पाइपलाइनमध्ये झालाय. वर्षातून दोन-तीनदा त्याचा आजार उसळायचा आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागायचं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात या आजारावर संशोधन चाललं होतं. अशा काही रुग्णांच्या रक्तात एका जातीच्या पेशी जास्त असतात, त्यांच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन तपासून बघायचं होतं. नीळकंठच्या रक्तात त्या पेशी निघाल्या. परीक्षेत पहिला आल्यासारखा तो पेढे घेऊन आला. अर्ध्या लोकांना औषध मिळणार होतं, अर्ध्यांना नुसतं खारं पाणी, आणि कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नसणार होतं. नीळकंठची खात्री होती की आपल्याला औषधच मिळतंय. पाणी असतं तर एवढं झोंबलं नसतं, हा त्याचा पुरावा.

त्या इंजेक्शनवर त्याने सगळी भिस्त ठेवली होती. दवाखान्यातला प्राणवायूचा मास्क त्याला पुन्हा नको होता. तो रात्री गुदमरून उठायचा तेव्हा काय होतं, ते त्याने मला एकदाच सांगितलं आणि मग विषय बदलला. त्यामुळे त्या अभ्यासात टिकून राहणं हा त्याच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

अटी दोनच. सिगारेट पूर्ण बंद, आणि रोज सकाळी घरी एका छोट्या मीटरमध्ये तीनदा जोरात फुंकून त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, वर आकडे, फुंकलं की काटा सरकतो. आकडे सलग तीन दिवस घसरले तर रुग्णालयातून फोन येणार, तपासणी होणार आणि गरज वाटली तर अभ्यासातून बाहेर.

दुसरी अट तो सहज पाळू शकला असता, जर पहिली पाळली असती तर. सकाळच्या चहानंतर तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन एक ओढायचा. एकच, असं तो म्हणायचा, आणि दिवसात तीनदा म्हणायचा. त्याची ठाम समजूत होती की मीटरला सिगारेट कळते. तेव्हा पहिल्याच सकाळी त्याने मीटर वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी विचारलंही नाही. बेचाळीस वर्षं ज्याच्या नावाने उपाशी राहिलं, त्याच्या नावाने तीन फुंका म्हणजे काय मोठं. शिवाय वहिनींनी जन्मात सिगारेट बोटात धरली नव्हती. घरात धडधाकट फुप्फुसं त्यांचीच, असं सगळे धरून चालले होते.

काटा गेला एकशे सत्तरवर. दुसऱ्यांदा एकशे साठ. तिसऱ्यांदा पुन्हा एकशे सत्तर, आणि वहिनी पलंगावर बसल्या.

नीळकंठने वहिनींना जोर लावायला सांगितलं नाही. तो यंत्राकडे बघत होता. मीटरबरोबर एक पुस्तिका होती, तिच्यात कोणत्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाने साधारण किती फुंकायला हवं याचा तक्ता होता. सहासष्ट वर्षांची, पाच फुटांची निरोगी बाई म्हणजे तीनशे वीसच्या आसपास. मीटर दाखवतंय एकशे सत्तर. याचा अर्थ मीटर दीडशेने कमी दाखवतं. तो पहिल्या मजल्यावर माझ्याकडे आला तो पिवळा कागद मागायला.

मी म्हटलं, तू स्वतः फुंकून बघ ना आधी. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पुन्हा पेटीवर कप ठेवलाय.

“ज्या यंत्राचा संशय आहे, त्याने ज्या फुप्फुसाचा संशय आहे ते मोजायचं नसतं, सुधाकर,” तो म्हणाला. “आधी यंत्र मास्टरशी ताडायचं. कांचन मास्टर आहे.”

मला ते पटलं. कबूल करायला लाज वाटते, पण पटलं. मीच पिवळा कागद कापून दिला. त्याने त्यावर ‘+१५०’ लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि मीटरला डकवला. त्या दिवसापासून वहिनी एकशे सत्तर फुंकत होत्या आणि वहीत नीळकंठ खानझोडे तीनशे वीस फुंकत होते. खाडाखोड नाही, एकही दिवस चुकलेला नाही, अक्षर मोत्यासारखं. तपासणीला गेला की रुग्णालयातल्या मोठ्या यंत्रावर मात्र त्याची फुंक होती तिथेच. अभ्यास बघणाऱ्या डॉक्टरीण बाईंना कोडं पडायचं. तो सांगायचा, इथपर्यंत येण्यातच दम लागतो, घरी मी एकदम ठीक असतो. रुग्णांच्या वह्या सांभाळणारी मृणाल नावाची मुलगी होती, भोपाळातच वाढलेली. तिने त्याची वही बाकीच्या रुग्णांना नमुना म्हणून दाखवली. तो आठवडाभर हवेत होता.

इथेच गप्प बसला असता तर आजही त्या अभ्यासात असता. पण कुणाची फुंक कुणाच्या नावावर लिहिली हे त्याला खुपत नव्हतं, नादुरुस्त मीटर वापरात आहे हे खुपत होतं. बाकीच्या रुग्णांकडेही अशीच मीटरं असतील तर? शेवटी त्याने महाराणा प्रताप नगरमध्ये जाऊन एक तक्रारअर्ज टाइप करून आणला. ‘सदर मीटर १५० ने कमी दाखवते, तरी बदलून मिळावे.’ मृणालने पहिलं परत न मागताच दुसरं मीटर दिलं. वहिनींनी त्यात फुंकलं. एकशे पासष्ट. नीळकंठने दुसरी पिवळी चिठ्ठी लावली आणि दुसरा अर्ज लिहिला, या वेळी तीन प्रतींत. खरेदीत घोळ आहे असा त्याला वास येऊ लागला होता.

तिसऱ्या दिवशी मृणालचा फोन आला, काका, दोन्ही मीटर घेऊन या. वहिनी सोबत म्हणून निघाल्या, कारण नीळकंठच्या प्रत्येक आजारपणात सोबत त्याच असतात, आणि मी मजा बघायला गेलो. रिक्षातून उतरून रुग्णालयाच्या चढणीच्या रस्त्याने जाताना नीळकंठ दोनदा थांबला. वहिनी चारदा थांबल्या. पर्समध्ये चष्मा शोधायला, पदर नीट करायला, एका झाडाकडे बघायला. चौथ्या वेळी काय शोधत होत्या ते मला आठवत नाही. मी नीळकंठचा हात धरून चालत होतो.

मृणालने नळीला तोंडात धरायचा नवा पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि स्वतः फुंकलं. चारशे तीस. दुसऱ्या मीटरमध्ये चारशे पंचवीस. तिने पिवळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि हसू आवरलं. मग तिने नीळकंठला फुंकायला सांगितलं. आता सुटका नव्हती. तो फुंकला, खोकला, पुन्हा फुंकला. दोनशे चाळीस. चिठ्ठीप्रमाणे दीडशे मिळवले तर तो त्याच्या वयाच्या धडधाकट माणसाच्या जवळपास आला असता, म्हणजे चिठ्ठीच खोटी. हे त्यालाही कळलं. त्याची बोटं चिठ्ठीच्या कोपऱ्याशी चाळा करायला लागली.

“काका, मी रागावत नाही आहे,” मृणाल म्हणाली. “पण सच-सच सांगा. हे एकशे सत्तर कुणाचं आहे?”

नीळकंठने छताकडे पाहिलं. मी नीळकंठकडे पाहिलं.

“माझं,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांना पित्त होतं ना.”

या उत्तराचा मृणालला काही उलगडा झाला नसेल. पण ती हुशार पोरगी. तिने वही बाजूला ठेवली, नळीचा पुठ्ठा बदलला आणि मीटर वहिनींपुढे धरलं. एकशे साठ. ती उठून डॉक्टरीण बाईंना बोलावून आणेपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत बसून होतो. नीळकंठच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. वहिनींच्या छातीतलीही येत असणार. ती आम्ही आधी कधी ऐकलीच नव्हती.

त्यांना मोठ्या यंत्रावर फुंकायला लावलं, औषध श्वासातून ओढायला दिलं, वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. डॉक्टरीण बाईंनी प्रश्न विचारले. भोपाळात छातीचा माणूस आला की पहिला प्रश्न चौऱ्याऐंशी सालचा असतो, कुठे होता त्या रात्री. वहिनी बरखेड्यात होत्या, वायू तिकडे आला नव्हता. मग घरात कुणाला दमा, लहानपणी छाती भरायची का. आणि मग, स्वयंपाक कशावर करत होता.

आर्वीला माहेरी चुलीवर, पऱ्हाट्या जाळून. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर कसा असतो ते सांगताना वहिनी जरा खुलल्या. लग्नानंतर क्वार्टरमध्ये भुशाची शेगडी, कारण गॅसचा नंबर लागायला आठ वर्षं गेली. लाकडं कापायच्या आरा मशीनवरून भुसा आणायचा, डब्यात मधोमध बाटली उभी करून चोपून भरायचा, बाटली काढली की शेगडी तयार. धूर डोळ्यांतून जायचा नाही. गॅस आल्यावरही दिवाळीचा फराळ शेगडीवरच, मराठी मंडळातल्या साठ घरांचा, पंधरा दिवस, त्या आणि शोभा दोघींनी मिळून. का, तर चकली भुशावरच खमंग होते. हे कुणी ठरवलं होतं? मीच म्हणायचो. मंडळाच्या सभेत उभं राहून म्हणायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

डॉक्टरीण बाईंनी मग जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पूर्वी हा आजार सरळ सिगारेटच्या खात्यात टाकायचे. सिगारेट नाही तर आजार नाही, इतकं सोपं. गेल्या काही वर्षांत जगभर तपासण्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की यातल्या पुष्कळ रुग्णांनी कधी विडीलाही हात लावलेला नसतो. आपल्याकडे त्यात बायका खूप. चुलीचा धूर, कोंदट स्वयंपाकघर, लहानपणी नीट न वाढलेली फुप्फुसं. त्यांना दम लागला की कुणी वजन म्हणतं, कुणी वय, कुणी दमा. फुंकायला कुणी सांगत नाही.

“मग मलाही ते इंजेक्शन मिळेल का?” वहिनींनी विचारलं. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरीण बाई अवघडल्या. या अभ्यासात यायला माणसाने किमान दहा वर्षं रोज एक पाकीट ओढलेलं असावं लागतं, नियमच तसा आहे, असं त्यांनी सांगितलं.

“अगं बाई. मग आता सुरू करू का?”

वहिनी एकट्याच हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला तो थांबेना.

नीळकंठ अभ्यासातून बाहेर पडला. सिगारेटचं त्याने स्वतःच सांगून टाकलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. इंजेक्शन गेलं. मला वाटलं, आता हा रडेल किंवा रुग्णालयावर तीन प्रतींत अर्ज ठोकेल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. घरी आल्यावर माझ्या खोलीत खुर्चीवर बसला, खिशातून दोन्ही पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर सरळ करत राहिला.

“मास्टर गेजसुद्धा दरवर्षी मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जायचा, सुधाकर,” तो म्हणाला. “मी स्वतः पॅक करून पाठवायचो. एक वर्ष चुकवलं नाही. हिला बेचाळीस वर्षांत मी एकदा पाठवलं नाही.”

मी चहा ठेवला.

वहिनींना नेहमीची औषधं सुरू झाली. तोंडात धरून ओढायचा पंप, त्यात दोन-दोन औषधं एकत्र. मृणालने तो ओढायला शिकवलं, कारण बहुतेक लोक तो चुकीचाच ओढतात म्हणे. लस टोचली. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं, आणि आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, घड्याळ लावून. नीळकंठ आता वहिनींची वही लिहितो. त्यांची फुंक त्यांच्याच नावावर. टाकीमागे जाणं त्याने सोडलंय. निदान मला तरी वास येत नाही. शनिवारही आता तोच करतो. पित्त होतं, ते सोसतो आणि सगळ्यांना सांगतो.

चार महिन्यांनी एकदा साडेदहाला मी नेहमीसारखा दार उघडून बसलो होतो. वहिनींची पावलं आली, दारासमोर आली, आणि थांबली नाहीत. त्या मान हलवून तशाच पुढच्या पायऱ्या चढायला लागल्या. औषध लागू पडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण थोडा राग आला हेही खरं. मी मागून टोमणा मारला की आता आमच्या दारात थांबायला वेळ नाही वाटतं, शोभा होती तेव्हा दोघींची कुजबुज दहा-दहा मिनिटं संपत नसे.

वहिनी चार पायऱ्या वर जाऊन वळल्या.

“कुजबुज कसली, भावजी. आम्ही बोलत नसू. बोलायला दम कुठे असायचा? दोघी कठडा धरून नुसत्या उभ्या असायचो. तुम्ही आतून ओरडायचात, संपलं का बोलून. मग तिला हसू यायचं. हसली की खोकायची.”

हे त्यांनी दोष द्यायला म्हटलं नाही. आठवण सांगावी तसं सांगितलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वर गेल्या. शोभा सात वर्षं माझ्या दाराबाहेर श्वास गोळा करत उभी होती, आणि आतून मी तिला गप्पिष्ट म्हणत होतो. तिलाही कुणी कधी फुंकायला सांगितलं नाही. मीही नाही, नीळकंठच्या मीटरसाठी कागद कापून देणारा.

दुसऱ्या मजल्यावर वहिनींची पावलं थांबली. मी उठून दारात आलो आणि कठड्याला हात लावून ऐकत राहिलो. काही ऐकू येत नव्हतं. त्या पुन्हा चालायला लागेपर्यंत मी दार लावलं नाही.